एका साच्यातल्या पाच गाड्या : आल्फ्रेड स्लोन

मोटारीच्या इतिहासात हेन्री फोर्ड यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आल्फ्रेड स्लोन हे नाव मात्र व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्यांखेरीज फारसे कोणाच्या तोंडी नसते. वास्तविक विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या रस्त्यांवर ज्या ऐसपैस, चकचकीत गाड्या धावत होत्या, त्यांचा आकार ठरवण्यात स्लोन यांचा वाटा फोर्ड यांच्याहून मोठा आहे. त्यांनी स्वतः कधी गाडीचे चित्र काढले नाही आणि त्यांच्या नावावर कुठले प्रसिद्ध इंजिनही नाही. जनरल मोटर्सच्या वेगवेगळ्या किमतीच्या गाड्यांना आतून शक्य तितका एकच सांगाडा वापरायचा आणि बाहेरून प्रत्येकीला वेगळा चेहरा द्यायचा, ही रीत त्यांनी बसवली. या रितीमुळे सामान्य अमेरिकन माणसाच्या दारात मोठी गाडी आली. याच रितीमुळे लहान गाडी बरीच वर्षे त्याच्या दारापर्यंत पोहोचलीच नाही.

आल्फ्रेड प्रिचर्ड स्लोन यांचा जन्म २३ मे १८७५ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन या गावी झाला. वडिलांचा चहा, कॉफी आणि तंबाखूचा घाऊक व्यापार होता. आल्फ्रेड दहा वर्षांचे असताना कुटुंब ब्रुकलिनला आले. अभ्यासात मुलगा हुशार आणि चिकाटीचा. बोस्टनच्या प्रख्यात एमआयटी या संस्थेतून त्यांनी १८९५ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, तीही चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करून. मग न्यू जर्सीतल्या हायट रोलर बेअरिंग या छोट्या कंपनीत ते आराखडे काढायच्या नोकरीला लागले. ही कंपनी जॉन वेस्ली हायट यांची, म्हणजे ज्यांनी सेल्युलॉइड बाजारात आणले त्याच हायट यांची. कंपनी बुडायच्या बेतात होती. तेव्हा स्लोन यांचे वडील आणि त्यांचे एक स्नेही यांनी पाच हजार डॉलर घातले आणि ती तरुण आल्फ्रेडच्या हाती आली. याच सुमारास आयरीन जॅक्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला मूलबाळ झाले नाही. स्लोन यांचे सारे आयुष्य कामातच गेले.

तो काळ मोटारीच्या बाल्यावस्थेचा होता. चाकांना बेअरिंग लागतातच, त्यामुळे हायट कंपनीचे दिवस पालटले. ओल्ड्स, फोर्ड, कॅडिलॅक असे एकेक गिऱ्हाईक जोडले गेले. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलंड हे मापाच्या अचूकपणाबद्दल अतिशय कडक होते. हायटची बेअरिंग मापाला उतरत नाहीत म्हणून त्यांनी स्लोन यांना चांगलेच सुनावले होते. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत कानस न लावता बसला पाहिजे, हा लीलंड यांचा आग्रह. १९०८ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या करून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा जोडल्या गेल्या आणि त्या बिनतक्रार धावल्या. तीन गाड्यांचे भाग एकमेकींना चालतात, तर तीन वेगवेगळ्या किमतीच्या गाड्यांचे का चालू नयेत, या प्रश्नापर्यंत पोहोचायला स्लोन यांना पुढे बरीच वर्षे लागली; पण त्याचा पाया या शिकवणीत होता.

१९१६ साली जनरल मोटर्सचे संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी हायट कंपनी १ कोटी ३५ लाख डॉलरला विकत घेतली आणि सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या कंपन्यांच्या समूहाचे प्रमुखपद स्लोन यांना दिले. १९१८ साली हा समूह जनरल मोटर्समध्येच विलीन झाला. ड्युरंट हे धाडसी आणि दिलदार गृहस्थ. कंपन्या विकत घेण्याचा त्यांना नाद होता, त्या चालवण्याचा कंटाळा. १९२० च्या मंदीत हा डोलारा कोसळायला आला. ड्युरंट यांना बाहेर पडावे लागले आणि रसायनांच्या धंद्यातले पिअर द्यू पाँ यांनी सूत्रे हाती घेतली. १९२३ साली त्यांनी अध्यक्षपद स्लोन यांच्याकडे सोपवले.

स्लोन यांच्या पदरी आलेले घर मोठे होते, पण विस्कटलेले. शेव्हर्ले, ओकलंड, ओल्ड्समोबील, ब्युइक, कॅडिलॅक आणि आणखी एकदोन नावांच्या गाड्या एकाच मालकाच्या असूनही एकमेकींचेच गिऱ्हाईक पळवत होत्या. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक गाड्या त्या वेळी फोर्ड यांच्या असत. जनरल मोटर्सच्या वाट्याला जेमतेम बारा टक्के. १९२१ साली, अध्यक्ष होण्याआधीच, स्लोन यांच्या समितीने यावर तोडगा काढला होता. ४५० डॉलरपासून ३,५०० डॉलरपर्यंत किमतीच्या सहा पायऱ्या ठरवायच्या आणि प्रत्येक पायरीवर कंपनीची एक गाडी उभी करायची. तळाला शेव्हर्ले, माथ्यावर कॅडिलॅक. माणसाची मिळकत वाढत जाईल तसा तो एकेक पायरी चढेल, पण जिना सोडून दुसरीकडे जाणार नाही.

जिना कागदावर सुरेख होता. अडचण खर्चाची होती. फोर्ड वर्षानुवर्षे एकच टी मॉडेल काढत, म्हणून त्यांना स्वस्त पडे. पाच-सहा नावांच्या गाड्या पाच-सहा तऱ्हांनी बनवायच्या तर प्रत्येकीची संख्या कमी आणि खर्च अफाट. याचे उत्तर १९२६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात दिसले. पॉन्टिॲक या नव्या नावाची सहा सिलिंडरची गाडी तिथे मांडली होती. किंमत शेव्हर्लेच्या वर आणि ओल्ड्समोबीलच्या खाली. इंजिन तिचे स्वतःचे, पण बॉडीचे आणि चासीचे पुष्कळ भाग शेव्हर्लेचे. एकाच सांगाड्यावर दोन पायऱ्यांच्या गाड्या उभ्या राहू शकतात, हे त्या गाडीने सिद्ध केले. ती इतकी खपली की जिच्या घरात ती जन्मली ती ओकलंड १९३१ नंतर बंदच झाली आणि पॉन्टिॲक राहिली.

यातले इंगित बॉडीच्या साच्यात आहे. मोटारीचे छप्पर, दारे, मडगार्ड हे भाग पत्रा दाबून घडवतात आणि प्रत्येक भागासाठी पोलादाचा साचा, म्हणजे डाय, लागतो. तो कोरायला महिनोन्‌महिने लागतात आणि पैसा पाण्यासारखा जातो. मात्र एकदा साचा झाला की त्यातून दहा हजार छपरे काढा की पाच लाख, साच्याचा खर्च तेवढाच. आपल्या गणपतीच्या कारखान्यात हेच चालते. एका साच्यातून शंभर मूर्ती निघतात. मग एकीला पीतांबर, दुसरीला फेटा, तिसरीला उंच मुकुट, आणि डोळ्यांची आखणी झाली की प्रत्येक घरच्या माणसाला आपला गणपती वेगळाच वाटतो. जनरल मोटर्सच्या बॉडी फिशर या बंधूंच्या कंपनीत बनत. तिचे उरलेले भागही १९२६ साली विकत घेऊन स्लोन यांनी ती पूर्णपणे घरात आणली. १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी छप्पर आले, लाकडी चौकट मागे पडत गेली, तसे साचे आणखी मोठे आणि महाग झाले. मग मोजकेच सांगाडे ठेवणे अपरिहार्य ठरले. ए, बी आणि सी अशा तीन मुख्य बॉडी ठरल्या. लहान ए शेव्हर्ले आणि पॉन्टिॲकला, मधली बी मुख्यतः ओल्ड्समोबील आणि ब्युइकला, मोठी सी वरच्या ब्युइकला आणि कॅडिलॅकला.

आता प्रश्न उरला तो वेगळेपणाचा. आतला सांगाडा एकच, तर गिऱ्हाईक जास्त पैसे कशासाठी मोजणार? त्यासाठी स्लोन यांनी हॉलिवूडच्या श्रीमंतांसाठी गाड्यांच्या बॉडी बनवणारे हार्ली अर्ल यांना बोलावले आणि १९२७ साली कंपनीत गाड्यांच्या रूपाचा आणि रंगाचा स्वतंत्र विभाग काढला. दरवर्षी रूप थोडे पालटायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटेल, हे ठरले. टी मॉडेल त्याच वर्षी बंद झाले आणि शेव्हर्लेने खपात फोर्डला मागे टाकले. अर्ल यांची आवड एकच होती. गाडी लांब दिसली पाहिजे आणि बसकी दिसली पाहिजे. सामायिक सांगाड्याशी ही आवड तंतोतंत जुळली, कारण समोरच्या काचेची चौकट, छप्पर, दारे आणि बसायची जागा हा मधला भाग बदलता येत नव्हता. बदलता येत होते ते नाक आणि शेपूट. म्हणून वरच्या पायरीची गाडी दाखवायची तर बॉनेट लांबवायचे आणि डिकी लांबवायची. १९५५ सालच्या शेव्हर्लेचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर, ११५ इंच होते आणि त्याच ए सांगाड्यावरच्या पॉन्टिॲकचे १२२ इंच. बसणाऱ्यांना मिळालेल्या जागेत मात्र नजरेत भरावा असा फरक नव्हता. जिन्याची पायरी बाहेरून इंचांत मोजली जाऊ लागली.

जे डोळ्यांना दिसते त्यावर खर्च आणि जे दिसत नाही त्यात काटकसर, या हिशेबाची एक काळी बाजूही होती. अपघातात काचेचे धारदार तुकडे होऊ न देणारी सुरक्षित काच १९२० च्या दशकाअखेर बाजारात होती. फोर्ड यांच्या नव्या ए मॉडेलला समोर ती काच बसवलेली असे. जनरल मोटर्समध्ये ती कॅडिलॅकसारख्या महाग गाड्यांना मिळाली. शेव्हर्लेलाही ती बसवावी असे सुचवण्यात आले तेव्हा स्लोन यांनी नकार दिला. खर्च वाढेल, किंमत त्या प्रमाणात वाढवता येणार नाही आणि भागधारकांचा नफा घटेल, असा त्यांचा युक्तिवाद पुढे उघड झालेल्या पत्रव्यवहारात वाचायला मिळतो. जिन्याच्या तळच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला बॉडीचा सांगाडा वरच्यांच्या रितीचा मिळाला, त्यांच्या काचेचे संरक्षण मात्र मिळाले नाही. स्लोन यांचे चरित्र सांगताना हे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सामायिक साच्याची दुसरी बाजू कामगारांनी ओळखली. एक साचा चार गाड्यांना पुरत असेल, तर तो साचा थांबला की चारही थांबतात. ब्युइक, पॉन्टिॲक आणि ओल्ड्समोबीलच्या बॉडीचे महत्त्वाचे साचे मिशिगनमधल्या फ्लिंट गावच्या फिशर बॉडीच्या पहिल्या क्रमांकाच्या कारखान्यात होते, शेव्हर्लेचे क्लीव्हलंडला. १९३६ च्या डिसेंबरअखेर दोन्हीकडे काम बंद पडले. फ्लिंटमध्ये ३० डिसेंबरला कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले. कडाक्याच्या थंडीत, पोलिसांशी चकमक होऊनही, ते ४४ दिवस हलले नाहीत. कारखाना रिकामा झाल्याशिवाय बोलणी नाहीत, ही स्लोन यांची भूमिका होती. पण एवढ्या अवाढव्य कंपनीचे उत्पादन जवळपास ठप्प झाले आणि ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीला मोटार कामगारांच्या संघटनेला मान्यता द्यावी लागली. त्याच वर्षी स्लोन अध्यक्षपदावरून संचालक मंडळाचे सभापती झाले.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा गाड्यांची टंचाई होती आणि लहान, हलकी, स्वस्त गाडी काढावी असा विचार पुढे आला. शेव्हर्लेने कॅडेट नावाच्या छोट्या गाडीचे काम हाती घेतले. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याकडे ती जबाबदारी होती. ज्यांचे स्ट्रट सस्पेन्शन आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत असते, तेच हे मॅकफर्सन. १९४७ साली हे काम थांबवण्यात आले. गणित सरळ होते. लहान गाडीला तयार साच्यांतले जवळजवळ काहीच चालणार नव्हते, सगळे नवे करावे लागणार होते. आणि एवढे करून ती शेव्हर्लेपेक्षा फार स्वस्त पडणार नव्हती. ज्याला नवी शेव्हर्ले परवडत नाही त्याने दोन वर्षे वापरलेली घ्यावी, ही स्लोन यांची जुनी धारणा होती. गाडी लहान करण्यापेक्षा मोठी गाडी जुनी करून विकणे कंपनीला सोयीचे होते. गंमत अशी की शेव्हर्लेने नाकारलेल्याच एका लहान आराखड्यावरून १९४८ साली ऑस्ट्रेलियात होल्डन ही गाडी तयार झाली आणि त्या देशाने ती डोक्यावर घेतली.

अमेरिकेत गाड्या वाढतच गेल्या. १९५७ सालची शेव्हर्ले २०० इंच, म्हणजे पावणेसतरा फुटांच्या आसपास लांब होती. आपली ॲम्बॅसडर सव्वाचौदा फुटांच्या आतबाहेर होती, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. १९५५ साली एका वर्षात शंभर कोटी डॉलरहून अधिक नफा मिळवणारी जनरल मोटर्स ही पहिली अमेरिकन कंपनी ठरली होती. १९५६ साली, वयाच्या ८१ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, स्लोन यांनी सभापतीपद सोडले. त्याच वर्षी आयरीनबाईही गेल्या. नंतर क्रायस्लर कंपनीच्या १९५७ च्या सडपातळ, ऐटबाज गाड्यांनी जनरल मोटर्सला धक्का दिला आणि घाईघाईने १९५९ च्या गाड्या नव्याने आखल्या गेल्या. वेळ थोडा, खर्च मोठा. तेव्हा स्लोन यांचीच रीत पुढे रेटली गेली. लहान ए सांगाडा मोडीत निघाला. शेव्हर्ले, पॉन्टिॲक, ओल्ड्समोबील आणि ब्युइक या चौघी एका सांगाड्याच्या झाल्या; कॅडिलॅकच्या आतलेही बरेच भाग तेच राहिले.

याचा परिणाम तळच्या पायरीवर सर्वांत जास्त झाला. ब्युइकच्या मापाचा सांगाडा वापरायचा म्हणजे शेव्हर्लेला ब्युइकएवढे होणे भाग होते. १९५७ ची शेव्हर्ले ७४ इंच रुंद होती, १९५९ ची जवळजवळ ८० इंच. लांबी २११ इंचांवर गेली. खालची बहीण एवढी वाढल्यावर थोरलीला आपला मान राखायला आणखी लांब व्हावे लागले. कॅडिलॅक २२५ इंचांची, म्हणजे पावणेएकोणीस फुटांची झाली. कोणा कुटुंबाने एवढी गाडी मागितली होती असे नाही. चार जणांना एकच अंगरखा शिवायचा तर तो सर्वांत मोठ्याच्या मापाने शिवावा लागतो, तसे हे झाले.

मधे पडलेली जागा दुसऱ्यांनी ओळखली. नॅश कंपनीचे जॉर्ज मेसन यांनी १९५० साली १०० इंच व्हीलबेसची रॅम्बलर काढली होती. त्यांच्या कंपनीला दरवर्षी नवे साचे परवडत नसत, म्हणून मोठ्यांनी सोडलेल्या जागेत ते गेले. १९५८ च्या मंदीत लोक या गाडीकडे आणि जर्मनीच्या फोक्सवागनकडे वळले. मग तिन्ही मोठ्या कंपन्यांनी १९६० च्या हंगामासाठी लहान गाड्या काढल्या. पाठोपाठ जनरल मोटर्सने ११२ इंच व्हीलबेसच्या एकाच सांगाड्यावर पॉन्टिॲक, ओल्ड्समोबील आणि ब्युइक या तिघींच्या धाकट्या गाड्या आणल्या. लहान गाडीही शेवटी सामायिक साच्यातूनच निघाली. १९६४ साली शेव्हेल ही मध्यम आकाराची नवी शेव्हर्ले आली, तिचा व्हीलबेस ११५ इंच होता. नऊ वर्षांपूर्वी साध्या शेव्हर्लेचा जो होता तोच. कंपनीला लोकांचे जुने माप नव्या नावाने परत द्यावे लागले.

या कंपनीचा आपल्याशीही संबंध आला होता. १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने जोडणीचा कारखाना काढला. परदेशातून आलेल्या सुट्या भागांपासून शेव्हर्ले गाड्या, ट्रक आणि बसच्या चासी तिथे तयार होत. नुसती जोडणी न करता गाडी इथेच बनवा, असे स्वतंत्र भारताचे धोरण ठरल्यावर १९५४ साली तो बंद झाला.

उतारवयात स्लोन यांना ऐकू फार कमी येई, पण कामाची शिस्त सुटली नाही. १९३४ साली त्यांनी आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले होते. १९४५ साली ४० लाख डॉलर देऊन, कंपनीतले संशोधक चार्ल्स केटरिंग यांच्या जोडीने, न्यूयॉर्कमध्ये कर्करोगावरील स्लोन-केटरिंग संशोधन संस्था उभी केली. तिच्यातून निघालेल्या ज्ञानाचा लाभ जगभरच्या रोग्यांना झाला. एमआयटीच्या व्यवस्थापन विद्यालयाला १९६४ साली त्यांचे नाव देण्यात आले. कंपनीतल्या वर्षांवरचे त्यांचे पुस्तक कंपनीच्याच वकिलांच्या भीतीमुळे काही वर्षे अडून राहिले होते, तेही याच काळात वाचकांपुढे आले. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा शेजारी-शेजारी उभ्या दिसतात तेव्हा त्यांच्यातले साम्य कोणापासून लपत नाही. प्लॅटफॉर्म हा शब्द आता जाहिरातीतही सर्रास येतो. त्यात फसवणूक नाही. एक साचा अनेकांनी वाटून घेतला म्हणूनच मध्यमवर्गीय घरापुढे गाडी उभी राहू शकते. स्लोन यांनी हा मार्ग जगाला दाखवला, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. एवढेच की साचा कोणाच्या मापाने कोरला जातो, हे विचारायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची राहते. अमेरिकेतल्या कुटुंबांनी ते विचारायला १९५८ साल उजाडावे लागले.